सगळं चालतंय म्हणणारी को सू-ओ

खौहू गावात को सू-ओला 'जमणार नाही' म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. साठी उलटलेली बाई, तोंडानं फटकळ. तिच्या अकरा माणसांच्या कारखान्यात मासे पाळायच्या तळ्यांसाठी पेट्या बनत. पाण्यात हवा मिसळणारं चाक बंद पडायला आलं की पेटी मालकाला फोनवर इशारा देई. "चालते ना?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की ही म्हणायची, "चालते कसली, पळते." इथल्या धंद्यात जरा चाचरलात की गिऱ्हाईक शेजारच्या दारात.

हीच मिजास नडली. छोट्या कारखान्यांना संशोधनासाठी सरकार पैसे देतं, त्यासाठी तिनं दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा शेरा एकच: वस्तू चालते आहे, मग संशोधन कसलं?

"मग काय, चालत नाही म्हणून बोंब मारू?" अर्ज लिहून देणाऱ्या याओवर ती डाफरली. पण तिसरा अर्जही नामंजूर होऊन परत आला असता तर तिचे दोन्ही इंजिनिअर दुसरीकडे निघून गेले असते आणि पेटीचं काम तिथंच संपलं असतं.

राजधानीत, तैपेईला, अर्ज तपासायला पाच परीक्षक बसले होते. याओनं रंगवलेली चित्रं पडद्यावर सरकली. शेवटी एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, "कोबाई, तुम्हाला काय कळलेलं नाही, ते सांगा."

'सगळं कळतं' हे अगदी जिभेवर आलं होतं. सू-ओनं ते गिळलं.

"खाऱ्या तळ्यात पेटी कधीकधी गप्प बसते. गेल्या वर्षी आमच्या हुंगदादाचे सगळे मासे मेले. का गप्प बसली, मला ठाऊक नाही."

याओनं कपाळाला हात लावला.

"कळायला किती महिने लागतील?"

"चौदा. तेरात नाही व्हायचं."

महिन्याभरात मंजुरी आली. अट एवढीच, पेटी जिथं फसली तिथंच चाचणी घ्यायची. सू-ओ पेरूंची पिशवी घेऊन हुंगदादाच्या तळ्यावर गेली.

"दादा, पेटी ठीक होती, चाकच कुणीतरी बंद केलं, असं मी म्हटलं होतं ना? खोटं बोलले. माल खपायला हवा होता मला. पेटीच फसली होती."

खाद्य टाकता टाकता हुंगदादा थांबला. "त्या रात्री राखणीला थिएन-यू होता. पोटच्या पोराला मी नाही नाही ते बोललो. घर सोडून काऊश्युंग शहरात निघून गेला. नव्या वर्षाच्या जेवणालाही आला नाही."

सू-ओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पिशवी खाली ठेवली.

"त्याला फोन लाव," ती म्हणाली. "तू बोलू नकोस. मी बोलते."