पुलावरची खुर्ची

आमच्या शेजारचे आबा एसटी चालवायचे. कादवा नदीवरचा आमच्या गावचा दगडी पूल आला की ते हॉर्नवरचा हात काढून घेत. पुढे बैलगाडी रेंगाळली तरी मुकाट तिच्या मागे. प्रवासी कुरकुरले की म्हणत, "म्हाताऱ्यावर वरडायचं नाय. पाठीवर घेतोय ना आपल्याला?" म्हातारा म्हणजे पूल.

निवृत्तीनंतरही आमच्या शेजारीच राहिले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. नाशिकला वर्गात माझं तोंडच उघडत नाही, हे मी फक्त आबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग नको उघडू. पण पुढच्या बाकावर बस. बसायला तोंड लागत नाय, पोरी." मी बसले. अजूनही तिथेच बसते.

नवा पूल झाला आणि जुन्यावर 'पूल धोकादायक' असा फलक लागला. मागच्या वर्षी तो पाडायला जेसीबी आला, तेव्हा आबा घरातली घडीची खुर्ची घेऊन पुलाच्या मधोमध जाऊन बसले आणि लसूण सोलू लागले.

"आबा, उठा ना," जेसीबीवाला म्हणाला. "पूल कधी पण पडंल."

"आन् तू हे धूड घेऊन त्याच्यावरच उभा?"

लोक हसले. जेसीबीसोबत आलेले बांधकाम खात्याचे साहेब पुढे आले. "काका, कामात अडथळा आणू नका."

"नव्या पुलाची खडी, सळई, सिमेंट, समदं याच्याच पाठीवरून गेलं. तवा धोका नव्हता? आधी पूल तपासा. खरंच खिळखिळा निघाला तर खुर्ची मी सोता उचलतो."

तपासणी झालीच नव्हती. साहेबांनी कुठेतरी फोन लावला आणि जेसीबी माघारी गेला. पूल पायी जाणाऱ्यांसाठी राहिला. आबा सोललेला लसूण घेऊन जेवायला घरी.

दिवाळीच्या आधी आबा गेले. त्यांना त्याच पुलावरून नेलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण पूल लागताच भजनाचे टाळ थांबले.

परवा पुन्हा पूल पाडण्याची नोटीस लागली. तपासणीचा तिच्यात शब्द नाही. जेसीबी उद्या येणार आहे. मी आबांच्या बायकोकडे, माईंकडे, खुर्ची मागायला गेले.

"त्या सायबांपुढं बोलता यील का गं तुला?"

"नाही," मी खरं ते सांगितलं. "बसता येईल."

माईंनी खुर्ची काढून दिली. मग आत गेल्या आणि लसणाची परडी आणून माझ्या हातात ठेवली.