पहिला घोट

शकुंतलावहिनीवर अन्याय झाला तो लातूर जिल्हा झाल्यानंतरच्या दुष्काळात, चैत्रातल्या एका नळाच्या दिवशी, उन्हं विहाराच्या भिंतीवरून खाली उतरायच्या आत. ती माझ्या थोरल्या भावाची बायको, अर्धापूरची लेक, तेव्हा सहाव्या महिन्यात. पत्रकं लिहून लिहून मला पहिल्याच ओळीत नाव आणि वेळ सांगायची सवय लागली आहे. दुसऱ्या ओळीत धिक्कार येतो. या वेळी तो आला नाही. लेखणी धरून बसलो, आतून काही हललं नाही, म्हणून पत्रकाऐवजी हे असं काहीतरी होऊन बसलं.

त्या सकाळचा वास तेवढा राहिला आहे. कडुनिंबाच्या मोहराचा कडसर गोडवा हवेत साकळलेला, त्याच्याखाली आमच्या दारांपुढून वाहणाऱ्या नालीचा जड, आंबट दर्प, आणि वरच्या रस्त्याकडून झुळुकेसरशी येणारा ताज्या चुन्याचा, डांबराचा वास. वर जिल्ह्याची नवी कचेरी झाली होती. तिच्यासमोर घडीव दगडाची देखणी नाली बांधली, बंगल्यांचं, पेठेचं सगळं सांडपाणी तिच्यात सोडलं, आणि नवा रस्ता जिथं संपला तिथं नालीही संपवली. तिथून आमची गल्ली सुरू होते. पुढचं पुढच्या मंजुरीत बघू, असं कुणीतरी म्हटलं असणार. पाण्याला मंजुरी लागत नाही. ते उताराला लागलं आणि आमच्या उंबऱ्यांना घासत, मातीत स्वतःची वाट कोरत राहिलं. त्याच वाटेत, त्याच चिखलात, आमच्या नळाचा जुना लोखंडी पाइप निजलेला आहे.

दुष्काळात नळ कितीतरी दिवसांनी यायचा, आणि आला तरी त्याला वर चढायचा दम नसायचा. म्हणून लोकांनी नळच खाली नेले. दारापुढं कमरेइतका खड्डा, तळाशी तोटी, तोटीला रबरी नळी. घरातल्या कुणीतरी आत उतरून नळीला तोंड लावायचं आणि पाणी ओढून घ्यायचं. पूर्वी नळाचं पहिलं पाणी सोडून द्यायची रीत होती. गंजानं तांबूस झालेलं ते पाणी विहारापुढच्या पिंपळाला जायचं. त्या साली ते सोडणं कुणाच्या जिवावर येईना. मग पहिली घागर वेगळी धरायची, धुण्याभांड्यांना. पिण्यासाठी दुसरीपासून पुढच्या. इतकी काळजी आमच्या गल्लीतल्या बाया घेत होत्या. पण पहिल्या घागरीच्याही आधी एक पहिला घोट असतो, आणि तो ओढणाऱ्याच्या तोंडात येतो.

आमच्या घरात दम होता तो वहिनीला. केळीच्या बागांतून आलेली, लहानपणी कालव्यात पोहलेली. तिची छाती भरली की पाणी यायचंच. दादा पहाटेच मोंढ्यात हमालीला गेलेला असायचा. मी ओढायला बसलो की पाणी अर्ध्या नळीतून परत फिरायचं. माझी छाती निव्वळ भाषणाची, असं वहिनीचं मत होतं. "भावजी, तुमच्या कागदातून पाणी निघत असंल तर सांगा, नळी तिकडंच लावते," असं ती खड्ड्यातून म्हणायची आणि घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आई तेवढी हसायची नाही. पोटुशीनं उतरू नये म्हणायची, आणि मग तिलाच हात देऊन उतरवायची.

त्या दिवशी वहिनीनं ओढलं, थुंकली, पुन्हा ओढलं, पुन्हा थुंकली. पदरानं तोंड पुसत सावकाश म्हणाली, "आज पाण्याला नालीचा वास हाय."

नळ नसतो तेव्हा रिकामा पाइप कुजलेल्या सांध्यांतून भोवतीचं आत ओढून घेतो, हे मला पुढं कळलं. तेव्हा आम्ही शहाण्यासारखं त्या दिवशीच्या सगळ्या घागरी भांड्यांना ठेवल्या आणि प्यायला लांबच्या हापशाचं पाणी आणलं. घरात दुसरं कुणी आजारी पडलं नाही. नेमका तोच घोट, असं कुठलाच डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. मी सांगतो.

वैशाखात तिच्या डोळ्यांत पिवळं उतरलं. इथले डॉक्टर नांदेडला न्या म्हणाले. एसटीच्या खिडकीबाहेर राखाडी रानं मागं सरकत होती, आणि ती दादाच्या खांद्यावर मान टाकून पुटपुटत होती की बाळंतपणाला माहेरी जायचंच होतं, जरा लवकर निघालो इतकंच. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला व्हरांड्यात बोलावून हळू आवाजात सांगितलं की पाण्यातून आलेली ही कावीळ पोटुशी बाईला फार जड जाते. नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवते ती गोदावरी. एका संध्याकाळी मी घाटावर तोंड धुवायला गेलो. नदी आखडून काठापासून दूर गेली होती, उरलेल्या पाण्यावर तांबूस उजेड थरथरत होता, आणि एका अंगानं शहराचा काळा नाला निवांतपणे तिच्यात उतरत होता. त्याच्या खालच्या बाजूला एक बाई कळशी बुडवत होती. तिला हाक मारायला मी तोंड उघडलं; पण दुसरीकडं तरी कुठं जा म्हणायचं? तोंड न धुताच परतलो. वहिनी गेली होती. पोटातलंही.

गल्लीत आलो तर नालीवर नगरपालिकेनं जंतू मारायची पांढरी पूड पसरलेली, रांगोळी फिसकटल्यासारखी. चार दिवसांनी एक ओव्हरसियर माणसं घेऊन खड्डे बुजवायला आला. बेकायदा आहेत म्हणाला, आणि तुम्हीच खणले ना, असं विचारलं.

"हाव साहेब," दादा म्हणाला. "पाणी खाली गेलं, म्हून आमी बी खाली गेलो."

एवढं बोलून तो आमच्या खड्ड्यात उतरून उभा राहिला. आमचा सोडून बाकीचे बुजवले गेले, आणि पुढचा नळ यायच्या आत पुन्हा खणले गेले.

आता खड्ड्यात मी उतरतो. ओढता ओढता छाती तयार झाली आहे. पहिल्या घोटाला कधी वास येतो, बहुतेक वेळा येत नाही. तो साध्या पाण्यासारखाच लागतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही, ना भीती, ना राग. शेजारच्या खड्ड्यात कमल ओढत असते, यंदाच लग्न होऊन आलेली. काल आई तवा उतरवता उतरवता म्हणाली की कमलला दिवस गेलेत. आत काही हललं का, मला सांगता येत नाही. मी उठलो आणि हे लिहायला बसलो. परवा नळ आहे.

पाइप नालीतून काढून वरच्या अंगानं न्यायचा, आणि नाली पक्की बांधून गल्लीच्या पार, तिचं पाणी निवळवता येईल अशा ठिकाणी न्यायची. आमची मागणी एवढीच आहे आणि ती अर्जात दिलेली आहे. तुमच्याकडं मी वेगळं मागतो. तुम्ही वरच्या अंगाला राहता. तुमच्या मोरीतून निघालेल्या पाण्यामागून चालत या. वाट चुकणार नाही, उतारच आणून सोडेल. परवा सकाळी या, उन्हं विहाराच्या भिंतीवरून उतरायच्या आत. कमलला हात देऊन वर घ्या. तुम्ही आत उतरा, नळी धरा, आणि पहिला घोट तुम्ही ओढा.