बखरीतला कोल्हा

आमच्या वाचनालयात एक जुनी छापील बखर आहे. तिच्यातली चित्रं लाकडी ठशांची. ठसा कोरणं जिकिरीचं काम, म्हणून छापणाऱ्याने एकच ठसा दोन ठिकाणी चालवला आहे. एका पानावर वेढ्यातल्या किल्ल्याला धान्य पोचवणारा लमाण. बाजूला भरभराटीची खूण म्हणून पूर्णकुंभ. पुढच्या एका पानावर तोच लमाण, तोच बैल, बैलाच्या शिंगावर ठशाला गेलेली चीरही तीच. फक्त कुंभ काढून तिथे कोल्हा बसवलाय आणि खाली छापलंय, लुटारू.

वर्धापनदिनाच्या प्रदर्शनासाठी अध्यक्षांनी नेमकं कोल्ह्याचंच पान मोठं करून घेतलं. मी समितीत होतो. दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, लावायची तर दोन्ही लावा.

"कोल्ह्यानं चित्राले मजा येते, सर," ते म्हणाले. "इतक्या जुन्या गोष्टीचं तुम्ही काहून मनावर घेऊन राह्यले?"

माझं डोकं फिरलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात. पण यांनाही कळत होतं, नुसती पर्वा नव्हती. मी लमाणांच्या तांड्यातला आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यावर कहर म्हणजे, पाहुण्यांच्या स्वागताला तांड्यातल्या बायका पारंपरिक पोशाखात हव्यात, असा निरोप त्यांनी परस्पर माझ्या आईला धाडला. ती आर्णीच्या बसने आलीसुद्धा. आरशांचा घागरा, ओढणी, दंडापर्यंत बांगड्या. तिला त्यांनी त्या चित्राशेजारीच उभं केलं.

आईला वाचता येत नाही. बैल मात्र तिने लगेच ओळखला. कपाळावर कवड्यांची पट्टी, पाठ मोकळी. लदेणीत, म्हणजे बैलांवर माल लादून गावोगाव नेताना, पुढच्या बैलावर आमच्यात ओझं ठेवत नसत; त्याला पुजत. तिने ओढणी सावरली आणि चित्राला हात जोडले. पाहुणे मोबाइलवर फोटो काढत होते.

"आपला बैल हाय," ती मला म्हणाली. "खाली काय लिवलं?"

काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण संताप इतका होता, की मी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "लुटारू."

अध्यक्ष टेबलावरचे हार सारखे करू लागले. आईने जोडलेले हात सावकाश खाली घेतले आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, "मंग मले कायले उभं केलं याच्या बाजूले?"