अठरा जणांचे पाय

आमची सून बसलेली मी तेरा वर्षांत फार वेळा पाहिली नाही. चहाचा कप घेऊन ती एका खोलीतून दुसरीत जाते आणि कप तिसरीत सापडतो, तोही अर्धा. पायाला भिंगरी लागलेली बाई, आणि नशिबानं काम मिळालं तेही दुसऱ्यांचे पाय मोजायचं.

मोजायचं म्हणजे लांबीरुंदी नव्हे, जोर. साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, दवाखान्यात ती कामाला आहे. मीही तिथलीच, पेशंट म्हणून. तिथे रक्त तपासतात, डोळे बघतात, तळव्याला टोचून कळतंय का विचारतात. पायात जोर किती उरलाय, हे मात्र कुणी विचारत नसे. साखर जुनी झाली की पायाचं मांस हळूहळू वाळतं आणि माणूस म्हणतो, वय झालं. तिचे वडील तेच म्हणायचे. चप्पल पायातून निसटू लागली, जिन्याचा कठडा धरावा लागू लागला, तरी घरात सगळ्यांचं एकच, वय झालं. मग एक दिवस न्हाणीघराच्या दोन बोटं उंच उंबऱ्याला पाय अडकला, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते पुन्हा उठले नाहीत. एकदाच ती मला बोलली, "आई, दोन वर्षं तो पाय थोडा थोडा जात होता. मी रोज बघत होते आणि मला दिसत नव्हतं."

शिकलेली ती व्यायामाच्या उपचारांचं, पण जागा नाही म्हणून दवाखान्यात फायलींच्या खिडकीवर बसवलेली. पायाचा जोर मोजायचं यंत्र दवाखान्यात आलं तेव्हा तिनंच हात वर केला. यंत्र मुठीएवढं. एका अंगाला गादी, वर आकडा. माणसाला उंच टेबलावर पाय लोंबते सोडून बसवायचं, घोट्याच्या चार बोटं वर गादी टेकवायची, ती सुनेनं हातानं धरायची, आणि त्यानं पाच मोजेपर्यंत पाय सरळ करायला जोर लावायचा. असं तीनदा, मधे मिनिटभर दम खाऊन, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा कागदावर.

दवाखान्याच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्य डॉक्टर, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, अठरा माणसं घे, आज मोज आणि आठ दिवसांनी पुन्हा मोज. आठ दिवसांत काही पाय वाळत नाही, म्हणजे आकडा तोच आला पाहिजे. आला, तर दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचा पाय मोजू आणि जो खाली घसरतोय त्याला पडायच्या आधी व्यायामाला घालू. नाही आला, तर यंत्र खोक्यात आणि तू खिडकीवर.

त्या दिवसापासून घरात कुणाचे पाय सुरक्षित राहिले नाहीत. मुलगा कामावरून आला की त्याला डायनिंग टेबलावर चढवायची. तो तिला मोजपट्टी म्हणतो. म्हणाला, लोकांच्या बायका नवरा आल्यावर पाणी देतात, माझी पाय मागते. माझ्या नडगीवर तर पेनानं फुली मारलेली, म्हणजे गादी दर वेळी त्याच जागी बसावी. अंघोळीला ती फुली जपायची, असा मला हुकूम.

पहिल्या फेरीत सगळं आपटलं. आम्हा अठरा जणांत एक पोस्टमन आहेत, रिटायर झालेले, चाळीस वर्षं सायकल मारलेले. त्यांनी जोर लावला आणि सून चाकाच्या स्टुलासकट भिंतीपर्यंत गेली. ते शांतपणे म्हणाले, "मुली, हा माझा आकडा की तुझा?" आठ दिवसांनी त्यांचा आकडा सात किलोंनी वेगळा. बळकट पायांचे सगळेच आकडे असे इकडेतिकडे.

ती घरी येऊन स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालत राहिली. भाजी लागली, तिला वास आला नाही. पोस्टमनांचं वाक्य तिच्या मनातून जाईना. दुपारी माळ्यावरच्या गाद्या काढायला गेली, त्या जुन्या पट्ट्यानं बांधलेल्या. गाठ सुटेना, म्हणून ओढत बसली, आणि ओढता ओढता थांबली. पट्टा दमत नव्हता, ती दमत होती. दुसऱ्या दिवशी तोच पट्टा तिनं टेबलाच्या मागच्या पायाला बांधला आणि यंत्र त्यात अडकवलं. आता पाय पट्ट्याशी भांडणार, तिच्या हाताशी नाही. मोठ्या बाईंनी पट्ट्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा दोनदा मोजायला सांगितलं. पण हे शेवटचं.

इथे मी शहाणपणा केला.

शिक्षण माझं दुसरी, पण आकडे मला कळतात. या फेरीच्या पहिल्या दिवशी यंत्रावर मी माझा आकडा बघून ठेवला होता, चौदा. आठ दिवसांनी आम्ही अठरा जण बाकावर बसलो होतो. सून आत टेबल पुसत होती, आणि तिचा चेहरा असा की उपाशी माणसाचा बरा. मला राहवलं नाही. बाकावरच्यांना मी हळूच सांगितलं, पोरीची जागा जाईल, मागच्या वेळचा आकडा आठवत असेल तर तिथेच थांबा. सगळ्यांचा तिच्यावर जीव. पोस्टमन म्हणाले, टपाल चुकीच्या घरी कधी टाकलं नाही, आकडाही बरोबर घरी टाकू. माझी पाळी आली तेव्हा मी खाली डोळा ठेवून चौदापर्यंत जोर लावला आणि जरा सैल सोडला. वाटलं, काय गुणाची सासू आहे मी.

संध्याकाळी तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. मी भाजी निवडायचं सोंग घेऊन बसले होते. चौदाला चौदा, एकतीसला एकतीस, बावीसला बावीस. ती आनंदानं नाचेल असं मला वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली. खरोखर बसली, आणि मला भीती वाटली.

"आई, पाय असे वागत नाहीत. एकाच माणसाचा पाय एका दिवसात तीनदा तीन आकडे देतो. अठराच्या अठरा जुळले कसे?"

मी भाजीकडे बघत म्हटलं, "पट्टा चांगला आहे."

"आई."

मग सांगितलं सगळं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली, "बाबांनाही सगळे असंच सांगायचे, ठीक आहे पाय. बरं वाटावं म्हणून."

पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते मी ऐकून होते. तो सुनेच्या पायावर पाडता येतो, हे तेव्हा कळलं.

सकाळी ती दोन्ही कागद घेऊन मोठ्या बाईंकडे गेली आणि म्हणाली, हे जुळलेत पण खोटे आहेत, फाडा. मी मागोमाग गेले आणि गुन्हा कबूल केला. बाईंनी यंत्राचं खोकं कपाटावरून आधीच खाली काढून ठेवलं होतं, ते मला दिसलं. बराच वेळ त्या खोक्यावर बोटं वाजवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, जुळलेला कागद फाडा म्हणणारं माणूस मला अजून भेटलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून मोज. खोकं इथेच राहील.

ते आठ दिवस मी मोजले ते कॅलेंडरवर नाही, तिच्या पावलांवर. पुठ्ठ्याची टोपी करून तिनं आकड्यावर चढवली, आम्हाला दिसू नये म्हणून. तिचाही स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून खिडकीवरच्या नव्या मुलीनं टोपीखाली डोकावून आकडा लिहायचा असं ठरवलं. दोन्ही दिवशी ज्याला त्याला त्याच वेळेला बोलावलं, खाऊन या म्हणून सांगितलं. शब्दही सगळ्यांना तेच: लावा, लावा, लावा, सोडा. आवडत्याला एक "लावा" जास्त नाही. मला तर दारातूनच परत पाठवलं, तुमचं मागाहून बघू म्हणून.

दुसऱ्या मोजणीच्या दिवशी मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले, उठले, पुन्हा बसले. आत गेले तर तिला वाटेल पुन्हा काही शिकवतेय, बाहेर राहिले तर जीव थाऱ्यावर नाही. तिची भिंगरी मला लागली होती. पोस्टमन बाहेर आले आणि म्हणाले, या वेळी आकडा बघितला नाही, म्हणून सगळा जोर लावला, दहा वर्षांनी.

दुपारी ती कागद घेऊन आली. पंधरा जणांच्या दोन आकड्यांतला फरक एक-दीड किलोच्या आत, बाईंना चालेल इतका. दोघांचे आकडे लांब गेले, पण का ते तिला माहीत होतं. एक उपाशी आला होता आणि एकाच्या अंगठ्याला जखम झाली होती. मोठ्या बाईंनी खोकं अडगळीत पाठवलं, यंत्र बाहेर ठेवून.

मी कागद पालथा करून बघितला. "पंधरा आणि दोन सतरा. अठरावा?"

तिनं कागदाच्या तळाशी बोट दाखवलं. मला अडखळत वाचता येतं, तेवढं वाचलं. पेशंट क्रमांक चार, विश्वासार्ह नाही, वगळला.

चार नंबर माझा. मी काही बोलणार, तेवढ्यात ती पायरीवर माझ्या शेजारी बसली, माझ्या नडगीवरची पुसट फुली अंगठ्यानं चोळली आणि पेन काढलं. म्हणाली, "उद्यापासून तुमचा वेगळा कागद. पण या वेळी सगळा जोर, आई. बघायचंय मला."