दोन ठिणग्यांमधला दम

सकाळी दहा चाळीसला भिंगरी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या मागच्या ओट्यापाशी उभी राहून पितळी डब्याचा शिकंजा आवळत होती. डब्यात प्लास्टरच्या दोन भागांमध्ये गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा लगदा दाबून बसवला होता. तो शिजून कडक झाला की वरची कवळी तयार. कवळी एका निवृत्त टायपिस्ट बाईंची होती. जुनी बेसिनमध्ये पडून फुटली, तेव्हापासून बाई पातळ खाण्यावर दिवस काढत होत्या. दातांचे डॉक्टर उद्या अकराला नवी बसवून पंधरा दिवसांच्या रजेवर जाणार होते. उद्या कवळी पोचली नाही, तर बाईंनी आणखी पंधरा दिवस हिरड्यांवर काढायचे.

भिंगरी हे नाव सासूने ठेवलं होतं. सुनेचं बूड एका जागी टेकत नाही, चहाला आधण ठेवलं तरी झाकण चारदा उघडून बघते, ही सासूची तक्रार. आणि अशा बाईच्या वाट्याला काम आलं होतं ते वाट बघण्याचं: प्लास्टर घट्ट व्हायची, मेण निवायची, अ‍ॅक्रिलिक शिजायची.

उट्टं ती संध्याकाळी काढायची. ती आणि नणंद संगणकावर एकच खेळ आळीपाळीने खेळत. हातात जादूची छडी घेतलेला एक मांत्रिक गुहांमधून खाली खाली उतरतो. छडीत मंत्र ओळीने बसवायचे. काही मंत्र ठिणगी सोडतात. काही स्वतः काहीच सोडत नाहीत, नुसते पुढच्या ठिणगीला बदलतात: तिला नागमोडी पळवतात, जड करतात, तिचं आयुष्य तोडतात. एक ठिणगी सुटल्यावर दुसरी सुटेपर्यंत छडी थांबते. या थांबण्याला दोघी ‘दम’ म्हणत, कारण पहिल्याच दिवशी नणंद म्हणाली होती, “छडी आहे की दमेकरी?”

त्या दमाशी भिंगरीचं वैर होतं. खेळात एक मेख तिने हुडकून काढली होती. ठिणगीत बदल करणारे काही मंत्र त्याबरोबर छडीचा दमही कमी करत. ठिणगीचं आयुष्य तोडणारा मंत्र यात सगळ्यांच्या वरचढ. बदल नको असला तरी दमासाठी तो घ्यायचा. काल तिने तो एकापुढे एक तीनदा बसवला. छडीतून ठिणग्यांची नुसती धार लागली.

“वहिनी, ही ठिणगी आहे की शिंक?” नणंद म्हणाली. “दोन पावलांवर विझतेय.”

“मग दोन पावलांवर जाऊन मारू.”

“तिथे राक्षसाचं तोंड आहे.”

“त्याला तोंड उघडायला तरी दम लागेल ना?”

राक्षसाने तोंड उघडलंच नाही. आठवडाभर ज्याने दोघींच्या नाकी नऊ आणले होते, तो डोळ्याचं पातं लवायच्या आत आडवा झाला. नणंदेने टाळी दिली, पण भिंगरी तोवर छडी उघडून चौथा मंत्र कुठे बसेल ते बघत होती.

सकाळी ओट्यापाशीही डोक्यात तोच किडा होता. नियम साधा होता: डबा कोमट पाण्यात सोडायचा, दीड तास मंद आचेवर ठेवायचा, मग उकळी आणायची. मालक तयार दात पोचवायला बाहेर गेले होते. शेजारच्या शेगडीवर मेण वितळवायच्या पातेल्यात पाणी खळखळत होतं. दीड तास कोमट पाणी कशाला? तो नुसता दम आहे, तिने ठरवलं, आणि डबा सरळ उकळत्या पाण्यात सोडला.

वेळ वाचला. वाचलेल्या वेळात तिने ओटा तीनदा पुसला.

जेवणानंतर मालकांसमोर डबा उघडला. मालकांनी कवळी प्लास्टरमधून सोडवली, धुतली, खिडकीशी नेली. हिरडीच्या जाड भागात, आतल्या आत, बारीक बुडबुडे होते. साबणाच्या फेसासारखे.

“जाळी धरली की गं,” मालक म्हणाले. “याला दम दिला होतास का?”

भिंगरीला हसू फुटलं. ते तिला आवरता येईना.

“हसायला काय झालं?”

“काही नाही. नव्हता दिला. उकळत्यातच सोडला.”

“लगद्यातलं पातळ औषध तो घट्ट व्हायच्या आधीच उकळलं मग. वरून गुळगुळीत, आतून चाळण. चावताना तुटेल.” त्यांनी कवळी तिच्या हातात ठेवली. “बाईंना फोन तू करणार की मी?”

हसू जिरलं. “दुसरा साचा आहे ना?”

प्रत्येक मापावरून दोन साचे ओतायचे ही मालकांची जुनी पद्धत. तिच्यावर सगळ्यात जास्त कुरकुर भिंगरीचीच असायची. साचा फडताळात होता. तिने फुकट गेलेल्या कवळीतले दात एकेक करून सोडवले, नव्या मेणात बसवायला घेतले. मेण निवेपर्यंत ती दारापर्यंत जायची, परत यायची.

“फेऱ्या मारून मेण निवत नाही,” मालक म्हणाले.

“माझं डोकं निवतं.”

“तसं दिसत नाही.”

संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून नणंद तिला न्यायला आली, तेव्हा नवा लगदा डब्यात दाबून झाला होता. नणंदेने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे छडीतला मंत्र कवळीला लावलास.”

“हळू बोल.”

“मग आता?”

“आता रात्रभराची शिजवणी. मंद पाणी, आपोआप चालणारी टाकी. मी हात लावायचा नाही.”

मालकांनी डबा टाकीत सोडला, तापमान लावलं, झाकण घातलं आणि टाकीचं बटण असलेल्या खोक्याला कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकताना त्यांनी भिंगरीकडे पाहिलंही नाही. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

“बाईंना काय सांगू?” तिने विचारलं.

“आज काहीच नको. उघडून बघू, मग सांगू.”

टाकी पहाटे पाचला शेवटची उकळी देऊन बंद होईल. डबा त्याच पाण्यात निवेल. कारखाना रोज नऊला उघडतो; उद्या भिंगरीला आठला बोलावलं आहे, आणि डबा उघडायचा तो साडेआठला, मालकांच्या हाताने.