विषय निवडायला मिळालेले पंधरा दिवस

प्रशिक्षणाला पुण्याहून आलेल्या सरांनी फळ्यावर प्रकल्पाच्या पाच पायऱ्या लिहिल्या. अडचण नेमकी मांडा, मोजा, कारण शोधा, सुधारणा करा, ती टिकवा. मग हात झटकून म्हणाले, "यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते विषय निवडणं." मी मनात म्हटलं, झालं! आता हे आम्हाला निबंध लिहायला लावणार.

भोरजवळ, उत्रोलीच्या बाजूला, आमच्या शेतकरी कंपनीची भातगिरणी आहे. तिथं मी आवक बघते. टेम्पो आला की पोत्यातून मूठभर भात काढायचं, मीटरवर ओलावा मोजायचा, वहीत लिहायचं, पावती द्यायची. मशीनवर मामा असतात. माझे सख्खे नव्हेत, सगळी गिरणीच त्यांना मामा म्हणते. घरी मामी गुडघ्यानं अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा नाही, या नोकरीशिवाय त्यांना दुसरं काही नाही.

त्या हंगामात भरडताना दाणा तुटून कणी फार पडायला लागली. पुण्याचा व्यापारी माल परत पाठवायची भाषा बोलू लागला. आमच्या मॅनेजरसाहेबांनी उत्तर आधीच काढून ठेवलं होतं: मामांचं वय झालं, त्यांना मशीन लावता येत नाही, नवा ऑपरेटर आणू. पण असं एकदम काढलं तर गावात बोंब होणार. हातात कागद हवा. म्हणून मला प्रशिक्षणाला धाडलं आणि विषयही लिहूनच दिला: 'ऑपरेटरच्या चुकीमुळे पडणारी कणी.' मी बावळटपणानं तोच कागद सरांपुढं ठेवला.

सरांनी चष्मा वर केला. "ताई, कारण मथळ्यातच लिहिलंत. आता शोधणार काय?" मग त्यांनी सांगितलं की विषय पुन्हा पुन्हा छळणारा हवा, मोजता येणारा हवा, आपल्या आवाक्यातला हवा आणि त्याचं कारण आधी ठाऊक नसावं. "पंधरा दिवस नुसतं मोजा. प्रत्येक टेम्पोचं भात वेगळं भरडा, कणी वेगळी काढा. मग विषय ठरवू."

पंधरा दिवस मी तेवढंच केलं. चाळणी आणि काटा घेऊन मी मशीनपाशी उभी राहायचे आणि मामा आपलं काम करायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माजं काय चुकतंय का गं?"

"छे हो मामा, पुण्याचं खूळ आहे ते. मोजायला सांगितलंय, मोजते."

"साहेब दुसरा मानूस बघत्यात, ठावं हाय मला," ते म्हणाले आणि मशीनच्या पट्ट्याकडं वळले. मला इतकी लाज वाटली की दुपारचा डबा तसाच घरी नेला.

पंधराव्या दिवशी आकडे समोर घेऊन बसले. उत्रोलीच्या भाताला कणी कमी. भोंगवलीच्या भाताला कमी. मशीन तेच, मामा तेच. मग काही टेम्पोंना एवढी कणी का? मी आवकेची वही ओढली. ज्या टेम्पोंचा तांदूळ तुटत होता, त्यांच्यापुढं ओलाव्याचा रकाना कोरा होता. एकदा नाही, दर वेळी. अक्षर माझं. गावही माझंच, वेल्ह्याकडचं, माझं माहेर.

आता सांगते कसं व्हायचं ते. तिकडं चार-पाच घरं मिळून एक टेम्पो करतात. टेम्पो मिळेल त्याच दिवशी मळणी उरकायची आणि भात उन्हाला न दाखवता पोत्यात भरायचं. नसरापूरवरून वळसा घालून माझे चुलते इथवर यायचे, मी मीटर उचलला की हसायचे. "अगं, घरचंच भात हाय. आता आमालाबी मोजतीस व्हय?" मी ओशाळून मीटर खाली ठेवायचे, चहा सांगायचे, पावती फाडायचे. चुलत्यांच्या पोत्यात मीटर खुपसायचा म्हणजे त्यांना तोंडावर लबाड म्हणण्यासारखं होतं. ओलं भात मशीनमध्ये गेलं की दाणा तुटणारच. हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाणार, नाही आलं तर मामांची. आणि लाजेची गोष्ट अशी, की मी पहिल्यांदा दुसराच विषय लिहून काढला: 'पिशव्यांवर लेबलं तिरकी लागणे.' मोजता येतं, आवाक्यात आहे, कुणाच्या अंगाशी येत नाही. कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग फाडला आणि सरांना फोन लावला. विषय बदलते म्हटलं, आवकेवर करते, सहा महिने घेते, तक्ते काढते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, हा प्रकल्प होऊच शकत नाही. कारण सापडलं, उपायही तुम्हाला माहीत आहे. पाच पायऱ्या कशाला चढताय? उद्या सकाळी जा आणि करून टाका."

असा राग आला मला त्या माणसाचा! तक्त्यांच्या ढिगात माझी चूक एका कोपऱ्यात घालून टाकायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यानं माझ्यासाठी एक वाक्य तेवढं शिल्लक ठेवलं, आणि ते तोंडानं बोलायचं होतं.

सकाळी वही घेऊन साहेबांपुढं उभी राहिले. "साहेब, मामांचं काही नाही. ओलं भात मीच आत घेतलं, न मोजता." त्यांनी पानं उलटली, कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मामा राहू देत. तुमचं काय करायचं ते संचालकांच्या बैठकीत बघू. तोवर न मोजता एक पोतं आत आलं, तर बैठकीची वाट बघणार नाही."

मी तशीच मशीनपाशी गेले. मामा तेल घालत होते. म्हटलं, "मामा, ते भात ओलं असायचं."

"व्हय. दाताखाली दाना घातला की कळायचं."

"मग बोलला का नाहीत? साहेब तुम्हाला काढायला निघाले होते!"

मामांनी तेलाचा डबा खाली ठेवला, फडक्याला हात पुसले.

"तुज्या माहेरचं व्हतं गं ते," ते म्हणाले. "लेकीच्या म्होरं तिच्या माहेरच्या भाताला नावं ठेवू व्हय?"