परत केलेला कोंबडा

माझं सगळं आयुष्य तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवर कोणता उपचार किती टिकतो, हे तपासण्यात गेलं. आधी ऑपरेशन की आधी किरणं, यावरून मुंबईत आम्ही डॉक्टर जेवढे भांडलो, तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या दोन निवडणुका उरकल्या असत्या. एवढ्या सगळ्या विद्वत्तेची भिस्त मात्र एकाच गोष्टीवर असते. उपचार झालेला माणूस तपासणीला परत यायला हवा. तो आला नाही आणि दुखणं उलटलं, तर वेळ हातची जाते.

सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची बाई अशीच यायची थांबली. गालाच्या आत कॅन्सर, अर्धा जबडा काढलेला, वर किरणं. मी तिला मावशी म्हणायची. उपचार संपले त्या दिवशी ती टोपलीतून कोंबडा घेऊन आली. आमचा अख्खा विभाग गहिवरला. फोटो निघाले. रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नात्यावर मी छोटंसं भाषणही ठोकलं. कोंबडा दोन्ही हातांनी घेतला आणि रविवारी तो वॉर्डबॉयच्या घरी शिजला.

त्यानंतर मावशी फिरकलीच नाही. गरिबी, रस्ते, अज्ञान अशी कारणं सहकाऱ्यांनी चहा पिता पिता शोधून काढली. शेवटी जव्हारला माहेरी गेले असताना मी मोखाड्याची जीप धरली, पुढे दुसरी, आणि उरलेला डोंगर पायी चढले. वाटेतच मावशी भेटली; डोक्यावर हंडा घेऊन ती माझ्यापुढे चढत होती, माझ्याहून भरभर.

"अगं, तपासणीला का येत नाहीस?"

तिने कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तू कोंबडा घेतलास ना? मंग?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाड्यावर दुखणं उतरवतो तो भगत. त्याने कोंबडा घेतला, म्हणजे दुखणं गेलं असं त्याने कबूल केलं. मग पुन्हा त्याच्या दारात जाणं म्हणजे गेलेल्या दुखण्याला हाक मारून बोलावणं. मी जव्हारच्या शाळामास्तरांची मुलगी, त्याच भागातली म्हणून मुंबईत मिरवणारी, आणि मीच तिला रीतसर मोकळं करून बसले होते.

समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या बाजारातून एक तरणाबांड कोंबडा घेतला आणि तिच्या अंगणात नेऊन सोडला. "हा परत घे. तो मी घाईने घेतला होता."

माझ्या हुशारीवर मी भलतीच खूश होते. मावशी मात्र मटकन खाली बसली.

"म्हंजे माझा दुखना गेला नाय?"

"गेलंय की नाही, तेच बघायचंय."

"तुला म्हाईत नाय?"

"नाही."

इतकं सरळ उत्तर मी कुठल्याच परिषदेत दिलेलं नाही. ती रडायला लागली आणि मला माझाच राग आला. बाई सुखात होती. मी डोंगर चढून येऊन तिचं सुख काढून घेतलं होतं.

पण ती आली. मग दर खेपेला येत राहिली. मी तोंडात बघायची, मान चाचपायची, सगळं साफ असायचं. "कोंबडा कसा आहे?" "आरवतो." सण आले, पाहुणे आले, जावयाचा डोळा त्याच्यावर होता, पण त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. माझ्या उभ्या कारकिर्दीत इतकी काळजी मी कुठल्या प्राण्याची केलेली नाही.

पाच वर्षं दुखणं उलटलं नाही, तर माणूस बरा झाला असं म्हणायची आमच्या शास्त्रात रीत आहे. पाच वर्षं झाली तशी मावशी कोंबडा घेऊनच आली. तुरा लोंबकळलेला, पिसं झडलेली. तिने टोपली माझ्या टेबलावर ठेवली.

"आता घे."

ती बरी झाली असं मी स्वतः तिच्या कागदावर लिहिलं होतं. हात पुढे केला आणि मागे घेतला. मला भीती वाटली. कोंबडा घेतला तर ही पुन्हा येणार नाही, आणि उद्या काही उगवलं तरी माझं दार ठोठावणार नाही.

"मावशी, अजून थोडे दिवस पाळ."

ती या वेळी रडली नाही. कोंबडा काखेत मारून उठली.

"येवढी शिकलीस," ती म्हणाली, "पन भगत लय कच्ची तू."

आणि दारातून मागे वळून पुढच्या तपासणीला कधी यायचं, ते विचारून गेली.